थकीत शासकीय साहाय्य आणि जोडीदाराचे प्रायोजकत्व : कॅनडाच्या कायद्यातील तरतुदींचा परिचय

प्रास्ताविक

कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी तरुण-तरुणींनी मायदेशी येऊन विवाह करणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. विवाहानंतर पतीला वा पत्नीला तिकडे नेण्यासाठी ‘प्रायोजक’ व्हावे लागते. प्रायोजकाचे उत्पन्न चांगले असले की काम झाले, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. वस्तुतः जोडीदाराच्या प्रायोजकत्वासाठी तेथे किमान उत्पन्नाची अट सर्वसाधारणपणे नाहीच. अडथळा येतो तो अनेकदा शासनाच्या जुन्या देण्यामुळे. आणि त्यातही देणे किती आहे यापेक्षा ते कोणत्या स्वरूपाचे आहे, हा प्रश्न निर्णायक ठरतो. प्रस्तुत लेखात या भेदाचा विचार केला आहे.

कोणते देणे आड येते?

या विषयाचा मूळ आधार म्हणजे २००२ साली अमलात आलेला स्थलांतर व निर्वासित संरक्षण कायदा आणि त्याखालील नियमावली. नियम १३३ मध्ये प्रायोजकाची पात्रता सांगितली आहे. अर्ज दाखल केल्याच्या दिवसापासून निर्णय होईपर्यंत ही पात्रता टिकली पाहिजे. पूर्वी दिलेल्या हमीपत्राबाबत कसूर, न्यायालयाने ठरवून दिलेल्या पोटगीची थकबाकी, स्थलांतर कायद्याखालील कर्जाची थकबाकी (उदाहरणार्थ, निर्वासितांना प्रवासासाठी मिळणारे कर्ज) आणि मुक्तता न झालेली दिवाळखोरी, या बाबी प्रायोजकाला अपात्र ठरवतात. प्रायोजक स्वतः प्रांताचे ‘सामाजिक साहाय्य’ घेत असेल तरीही तो अपात्र ठरतो. अपवाद एकच : हे साहाय्य अपंगत्वाच्या कारणाने मिळत असल्यास.

‘सामाजिक साहाय्य’ या संज्ञेला येथे मर्यादित अर्थ आहे. अन्न, वस्त्र, निवारा, इंधन अशा मूलभूत गरजांसाठी प्रांतिक शासन जी मदत देते तीच यात मोडते. ऑन्टॅरिओ प्रांतातील ‘ऑन्टॅरिओ वर्क्स’ ही अशीच योजना. बेरोजगारी विमा, वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन किंवा मुलांसाठी मिळणारा भत्ता या लाभांचा तीत समावेश होत नाही. म्हणूनच बेरोजगारी विम्याची चुकून जास्त मिळालेली रक्कम परत करावयाची राहिली असेल, किंवा २०२० मधील कोविडकालीन मदतीची वसुली चालू असेल, तर केवळ तेवढ्या कारणाने नियम १३३ आड येत नाही. ती रक्कम फेडावी लागते हे खरे. पण तिचा मार्ग वेगळा. हा फरक ठाऊक नसल्याने काही जण नाहक धास्तावतात, तर काही जण खरे संकट ओळखतच नाहीत.

हमीपत्राचे देणे

खरे संकट आहे ते हमीपत्राचे. जोडीदाराला आणताना प्रायोजक शासनाला लेखी हमी देतो की, त्याच्या वा तिच्या मूलभूत गरजा आपण भागवू. शासनाला सामाजिक साहाय्य द्यावे लागले तर त्याची भरपाई करू. जोडीदाराच्या बाबतीत या हमीची मुदत स्थायी निवास मिळाल्यापासून तीन वर्षे असते. (२००२ पूर्वी ती दहा वर्षांपर्यंत असे.) घटस्फोट झाला, दोघे विभक्त राहू लागले, जोडीदाराने नागरिकत्व घेतले, तरी हमी संपत नाही.

समजा, पुण्याहून नेलेली पत्नी दुसऱ्याच वर्षी छळाला कंटाळून घर सोडते आणि उपजीविकेसाठी सामाजिक साहाय्य घेते. त्या क्षणी पती शासनाचा ऋणको होतो. पुढे त्याने पुनर्विवाह केला आणि नव्या पत्नीसाठी अर्ज केला की जुने देणे समोर उभे राहते. शिवाय पहिल्या हमीची तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या जोडीदाराला प्रायोजित करताच येत नाही. पहिल्या पत्नीने मदत घेतली हा तिचा दोष मानणे, हे आपल्या समाजात घडते तितकेच चुकीचे आहे. कायदा तिच्याकडून नव्हे, हमी देणाऱ्याकडून वसुली करतो, आणि ते योग्यच आहे. नव्या पत्नीची स्थिती मात्र खरोखर अवघड होते. ज्या देण्याशी तिचा काडीचाही संबंध नाही, त्यापायी तिचा संसार रखडतो.

नियम १३५ नुसार शासनाने हमीतील रक्कम अदा केली की कसूर सुरू होते आणि प्रायोजकाने ती पूर्ण फेडली, अथवा संबंधित शासनाशी झालेल्या करारानुसार फेडली, की ती संपते. म्हणजे हप्तेबंदीचा मार्ग कायद्यातच आहे. पण करार लेखी असावा आणि वसुली करणाऱ्या प्रांताकडूनच व्हावा. व्हिसा अधिकाऱ्याला तो करण्याचा अधिकार नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय

वसुलीत शासनाला सवलत देता येते का, हा प्रश्न ‘मावी’ खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ऑन्टॅरिओतील आठ प्रायोजकांच्या या प्रकरणात न्यायमूर्ती बिनी यांनी २०११ साली एकमताचा निर्णय लिहिला. देणे माफ करण्याचा अधिकार शासनाला नाही. मात्र परिस्थिती पाहून वसुली लांबणीवर टाकता येते, असे न्यायालयाने म्हटले. त्याचबरोबर प्रायोजकाला सूचना देणे, बाजू मांडण्याची संधी देणे आणि तिचा विचार करून निर्णय कळवणे बंधनकारक ठरवले. आपल्याकडील नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांशी परिचित असलेल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. व्यवहारात याचा अर्थ असा की, वसुलीची सूचना आली असता गप्प बसणे हे सर्वांत महागात पडते. अर्थात लांबणीवर टाकलेली वसुली म्हणजे फिटलेले देणे नव्हे.

अर्जातील एक प्रश्न

प्रायोजकत्वाच्या अर्जात एक प्रश्न असतो : आपण अपात्र ठरल्यास अर्ज मागे घ्यावयाचा की पुढे चालवावयाचा? मागे घेतल्यास शुल्काचा मोठा भाग परत मिळतो, म्हणून बरेच जण तो पर्याय निवडण्याकडे झुकतात. परंतु अर्जच उरला नाही तर नकारही उरत नाही, आणि नकाराविरुद्ध स्थलांतर अपील विभागाकडे जाण्याचा मार्गही बंद होतो. हा विभाग मानवतेच्या व करुणेच्या कारणांचा विचार करू शकतो. कर्ज कसे उद्भवले, किती फेडले, मुले कोणाजवळ आहेत, या गोष्टी तेथे मांडता येतात. नकाराचे पत्र मिळाल्यापासून त्यासाठी ३० दिवसांची मुदत असते.