मधुमालती लावायची असेल तर

दक्षिण आशियाची ही वेल भर उन्हाची. रोज किमान पाच-सहा तास ऊन मिळत नसेल, तर नुसतीच पानं येतात. शेणखताच्या मोहात अति खत घातलं तरी तेच होतं. गच्चीवर १६ इंची कुंडी आणि भक्कम मांडव हवा. बाल्कनीच्या नाजूक जाळीला तिचा भार पेलत नाही. गळलेल्या पानांचे देठ खोडावर काट्यासारखे उरतात आणि त्यांच्या आधारानेच ती वर चढते, म्हणून छाटताना हातमोजे घालावेत.

फुलं नव्या फुटव्यावर येतात. बहर ओसरला की निर्दयपणे छाटा. इथे माया दाखवली तर वरच गुंता वाढतो आणि खाली खोड उघडं पडतं. नवं रोप दाबकलमाने किंवा मुळाशी फुटलेल्या धुमाऱ्यापासून सहज होतं. थंडीत काही पानं गळतात, घाबरू नये.

संध्याकाळी पांढरं उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी, पुढे गडद लाल होतं. पांढऱ्या फुलाची लांब नळी लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी असते. त्यामुळे सुगंध रात्रीच खरा दरवळतो. सुगंध रात्रीच खरा दरवळतो.