‘महिमा’चा एक ग्रीक भाऊबंद

‘महिमा’ हा शब्द आपल्याला क्षेत्राच्या पोथीपासून भजनापर्यंत सगळीकडे भेटतो. त्याचा एक दूरचा भाऊबंद ग्रीक भाषेत आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. ग्रीक ‘मेगास’ म्हणजे मोठा. आपले ‘महत्’ आणि हा ‘मेगास’ एकाच प्राचीन मुळाचे अंकुर. या ‘मेगास’वरूनच पुढे ‘मेगालेइओटेस’ असा भारदस्त शब्द तयार झाला. राजाची किंवा देवाची डोळे दिपवणारी थोरवी, हा त्याचा अर्थ. थोरवी, वैभव, ऐश्वर्य, महिमा – यांतला कोणता शब्द कुठे घालावा, हा भाषांतरकाराचा पेच. पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल मराठीत आणले, तेव्हा असे पेच त्यांना किती पडले असतील!

ख्रिस्ती लोकांच्या नव्या करारात हा शब्द अवघा तीनदा येतो. त्यांपैकी दोनदा तो परंपरेने एकाच लेखकाच्या, म्हणजे लूकच्या, लेखणीतून उतरला आहे. हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

एक प्रसंग इफिस शहरातला. हे शहर आजच्या तुर्कस्तानात येते. तिथले अर्तमी देवीचे मंदिर जगातल्या सात आश्चर्यांत गणले जाई. देमेत्रिय नावाचा कारागीर देवीचे रुप्याचे देव्हारे घडवून घेई आणि त्यावर बरेच कारागीर पोट भरीत. हातांनी घडवलेले देव खरे नव्हेत, असे पौल सांगू लागला तेव्हा देमेत्रियने आपले धंदेबंधू जमवले. आधी तो धंद्याचे बोलला. देवीची ‘मेगालेइओटेस’ लयाला जाईल, हे मागाहून. हा क्रम लूकने सहज ठेवला असेल असे मला वाटत नाही! मग गर्दी नाट्यगृहात घुसली आणि दोन तास देवीचा जयजयकार चालला. आपण कशासाठी जमलो, हे बहुतेकांना माहीतच नव्हते. अखेर नगराच्या चिटणिसाने समजूत घालून सर्वांना घरी पाठवले. त्या मंदिराच्या जागी आज तुकडे रचून उभा केलेला एकच खांब दिसतो.

दुसऱ्या प्रसंगात देऊळ नाही, जयघोष नाही. एक बाप आपल्या एकुलत्या एका मुलाला घेऊन येतो. मुलाला झटके येतात, तोंडाला फेस येतो. शिष्यांनी हात टेकलेले. येशू त्याला बरे करून बापाच्या स्वाधीन करतो आणि लोक देवाच्या ‘मेगालेइओटेस’ने थक्क होतात.

आदल्याच दिवशी डोंगरावर येशूचे रूप पालटले होते, वस्त्रे लखलखली होती. हा शब्द खरा तिथे शोभला असता. पेत्राच्या नावाच्या दुसऱ्या पत्रात तो त्याच डोंगरावरच्या प्रसंगाला लावलाही आहे. पण लूक डोंगरावर ‘डोक्सा’ म्हणजे तेज हा वेगळा शब्द वापरतो. ‘मेगालेइओटेस’ राखून ठेवतो ती पायथ्याशी.

१५२० साली वारलेल्या राफाएलच्या अखेरच्या चित्रात हे दोन्ही प्रसंग एकाच फलकावर आहेत. व्हॅटिकनमध्ये ते पाहायला मिळते. वर प्रकाशात ख्रिस्त. खाली अंधाऱ्या गर्दीत डोळे फिरवलेला तो मुलगा, आणि त्याला मागून सावरून धरणारा बाप.