ब्रशच्या मुळाशी

बाबा डोंबिवलीत दुकानांच्या पाट्या रंगवायचे. काम संपलं की ब्रश रॉकेलमध्ये खळबळवायचे, फडक्याला पुसायचे आणि पत्र्याच्या डब्यात केस वर करून उभे ठेवायचे. मी नखांचं काम शिकले तेव्हा साडेतीन हजारांचा पहिला चांगला ब्रश घेतला आणि रोज रात्री तसाच उभा ठेवला. दोन महिन्यांत त्याचं टोक फाकलं. केस अजून मऊ होते. पण मुळाशी, ज्या धातूच्या कडीत ते रोवलेले असतात तिथे, दाबलं की भातातल्या खड्यासारखं काहीतरी टणक लागायचं.

अ‍ॅक्रिलिक नख बनतं लिक्विड आणि पावडर मिळून. लिक्विड बहुतेक वेळा एथिल मेथॅक्रिलेट असतं, पावडरीत थोडं बेंझॉइल पेरॉक्साइड. भिजलेला ब्रश पावडरीला टेकवला की टोकावर मोत्याएवढा गोळा धरतो. आम्ही त्याला बीड म्हणतो. बीड नखावर ठेवला की काही मिनिटांतच घट्ट व्हायला लागतो. हे घट्ट होणं नखापुरतं थांबत नाही, ब्रशात राहिलेला अंशही तसाच आवळतो. ब्रश उभा असेल तर तो अंश केसांवरून ओघळून कडीत उतरतो, तिथेच बसतो आणि केसांना आतून एकमेकांपासून दूर रेटतो. टोकाला चिकटलेलं काढता येतं. कडीत बसलेलं मला आजवर काढता आलेलं नाही.

म्हणून माझे ब्रश आता खणात आडवे असतात, टोपण घालून, फायलिंगच्या धुळीपासून लांब. काम चालू असताना प्रत्येक बीडनंतर ब्रश टॉवेलवर पुसायचा, तोही कडीकडून टोकाकडे, हलक्या हाताने फिरवत. टॉवेल धागे न सोडणारा हवा. दिवस संपला की वाटीत ताजं लिक्विड घ्यायचं, त्यात ब्रश बुडवायचा, पुसायचा, पुन्हा बुडवायचा, आणि टॉवेलवरच टोक जुळवायचं. वाटीच्या तळावर ब्रश दाबायचा नाही. उरलेलं लिक्विड बाटलीत परत ओतायचं नाही.

अ‍ॅसिटोनचं मात्र मला फार सांगावंसं वाटतं, कारण शिकायला आलेली प्रत्येक मुलगी आधी तिकडेच हात घालते. अ‍ॅसिटोन वाळलेलं अ‍ॅक्रिलिक खरंच विरघळवतो. पण केसांतलं तेलही ओढून घेतो, आणि चार-पाच वेळांत केस झाडूच्या काड्यांसारखे कोरडे होतात. साबण-पाण्यानेही केस फुगून विस्कटतात. अ‍ॅक्रिलिक वाळलंच असेल तर ब्रश लिक्विडमध्ये भिजू द्यावा, गरज पडली तर रात्रभर, टोक तळाला न टेकवता. नखाने खरवडायचं नाही, केस ओढायचे नाहीत. एखादाच केस बाहेर आला असेल तर बारीक कात्रीने मुळाशी कापावा. उपटला तर शेजारचे सैल होतात.

चांगल्या ब्रशचे केस कोलिन्स्कीचे, म्हणजे सायबेरियन वीझल या प्राण्याच्या शेपटीचे. मधे जाड, टोकाला निमुळते, त्यामुळे लिक्विड धरून ठेवतात आणि बेताने सोडतात. हा प्राणी आपल्या हिमालयातही आहे आणि भारताने त्याची नोंद ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात करवून घेतली आहे. हे कळल्यापासून मी मुलींना कृत्रिम केसांच्या ब्रशवरच शिकवते. तो लिक्विड कमी धरतो, हात जास्त चालवावा लागतो. पण हात तयार होतो. माझा जुना कोलिन्स्की मात्र शेवटपर्यंत वापरणार आहे.

एका लग्नसराईत मी फाकलेला ब्रश चार दिवस जास्त चालवला. टोक जुळत नव्हतं, ओलं मिश्रण नखाच्या कडेच्या कातडीवर जात होतं. त्या नवरीच्या बोटांना आठवड्याने खाज सुटली, त्वचा सोलली. मेथॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते, आणि याच कुळातले पदार्थ दातांच्या भरणीत, हाडांच्या सिमेंटमध्येही असतात. नखांकडे ते आले दातांच्या दवाखान्यातूनच: फिलाडेल्फियाचे दंतवैद्य फ्रेडरिक स्लॅक यांनी १९५४ साली तुटलेल्या नखावर दातांचं अ‍ॅक्रिलिक वापरलं होतं. त्या नवरीची बोटं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. ब्रश कधी बदलायचा हे मी तेव्हापासून पैशांवर सोडलेलं नाही.

सोमवारी पार्लर बंद असतं. ब्रश लिक्विडमध्ये ओला करून खिडकीशी धरते. टोक एकच येतंय का, कडी हलतेय का, मुळाशी दाबल्यावर खडा लागतोय का, पुसताना केस गळतायत का. खडा लागला किंवा टोक दुभंगलं, की त्या ब्रशची रवानगी चमकी उचलायच्या कामाला. जेल नखांच्या कामाला तो देत नाही; जेलचे ब्रश वेगळे आणि उजेडापासून झाकलेले.

नव्या ब्रशचं टोक खळीने चिकटवलेलं येतं. ती बोटांनी हलकेच मोडायची, सुटे केस झटकायचे आणि मग लिक्विडमध्ये दोन-तीनदा भिजवून पुसायचा. पहिला आठवडा मी त्याने प्लास्टिकच्या टिपांवरच बीड ठेवते. जुना तोवर शेजारीच असतो, कारण लिक्विड किती घ्यायचं हे प्रत्येक ब्रशला नव्याने विचारावं लागतं.