डबल बासची निवड

१९३५ साली लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजला. जाझचे ते वळण गोमंतकीय वादकांनी पुढे चित्रपटसंगीतातही नेले. या संगीताचा खर्ज सांभाळणारे पुरुषभर उंचीचे वाद्य म्हणजे डबल बास. ते रोहिणखेडास आणण्याचा हट्ट आमच्या नातवाने धरला, तेव्हा आम्हांस त्याची चौकशी करणे प्राप्त झाले.

पहिला प्रश्न लाकडाचा. अखंड फळीचा नाद अधिक गोड खरा. परंतु मुंबईच्या दमट हवेतून वैशाखात आमच्या गावी आणलेली फळी आकसून तडकण्याचे भय मोठे. प्लायवुडाचे वाद्य बोलते कमी, पण टिकते. तेच घ्यावे असे आम्ही सुचविले; चिरंजीव अद्याप रुष्ट आहेत!

तारा चार, प्रत्येक तार आधीच्या तारेच्या मध्यमात मिळवावयाची. घोडीचे पाय दोन्ही नादरंध्रांच्या आतील खाचांच्या रेषेत असावेत. बारीक तारेकडील पायाच्या किंचित मागे, पोटात, एक लाकडी खुंट केवळ दाबाने उभा असतो. म्हणून चारही तारा एकदम सैल करू नयेत, नाहीतर तो कोसळतो.

जाझमध्ये तारा बहुधा बोटांनीच छेडतात. पट्टीच्या टोकाशी बारीक तार ५-६ मिलिमीटर व जाड ८-९ मिलिमीटर उंच असावी. त्याहून खाली खडखड, वर बोटांना फोड! पावसाळ्यात फळी फुगून तारा चढतात, उन्हाळ्यात उतरतात. यास्तव घोडीस उंची बदलणारे स्क्रू आरंभीच बसवून घ्यावेत.