दांडीची मधली जागा

चंद्रपुरात नव्वदच्या दशकात वाढलेल्या पोट्ट्याला 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हे नाव सांगा, तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. 'मुस्तफा' म्हणा, लगेच ओळख पटेल. कॅपकॉमचा 1993 सालचा हा खेळ भारतभर त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या गड्याच्या नावानेच चालला. व्हिडिओ गेम पार्लरं गेली, पण हातांची सवय गेली नाही. त्या पिढीतले काही हौशी आता घरीच पॅनल बांधतात. प्लायवूडची पेटी, वर दोन दांड्या आणि बटणं, आत रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक. जुने आर्केड खेळ चालवणारा 'मेम' हा प्रोग्राम 1997 पासून फुकट मिळतो, त्यामुळे संगणकाचं काम एका संध्याकाळी उरकतं. घोडं अडतं ते दांडीपाशी.

तक्रार बहुतेकदा एकच: "हात लावला का पयते!" मुस्तफाला सरळ उजवीकडे न्यावं तर तो तिरका वर चढतो. पॅकमॅन कोपऱ्यावर वळायचं सोडून भिंतीला चिकटतो. पॅनलला कुणाचा हातही लागलेला नसतो आणि पडद्यावरची यादी आपली आपण खाली धावत सुटते.

जरा हलवली की चालणारी दांडी भारी, असं नवख्याला वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. दांडीला मध्यभागी थोडी मोकळी जागा हवीच, जिथे मूठ हलते पण खेळात काहीही घडत नाही. घुग्घुस, सास्ती, दुर्गापूरच्या खुल्या खाणींत काम करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटरचा ऑपरेटर पाळीभर दोन जॉयस्टिकच धरून बसलेला असतो. रूढ मांडणीत डाव्या हाताने मशीन फिरतं आणि आर्म आत-बाहेर होतो, उजव्या हाताने बूम आणि बकेट. त्या दांड्यांनाही मधे असा मोकळा पट्टा ठेवलेला असतो. हादऱ्याने हात जरासा सरकला म्हणून भरलेली बकेट डंपरच्या केबिनकडे झुकून चालत नाही.

आर्केडची दांडी उलटी करून पाहिली तर तिच्यात लपवण्यासारखं काही नाही. मधे लोखंडी दांडा, तो जिथे डुलतो तो पिव्होट, दांड्याला परत मधे आणणारी स्प्रिंग, खालच्या टोकाला प्लास्टिकची जाड कॉलर आणि तिच्या चार बाजूंना चार मायक्रोस्विच. हा टकटक वाजणारा स्विच 1930च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या फ्रीपोर्ट गावात जन्मला, पीटर मॅकगॉल नावाच्या तंत्रज्ञाच्या हातून. त्याला कमी-जास्त कळत नाही, एक तर चालू नाहीतर बंद. म्हणून संगणकातल्या सेटिंगमध्ये जाऊन 'डेड झोन'ची, म्हणजे या मोकळ्या जागेची, पट्टी ओढत बसण्याने इथे काही साधत नाही. ती पट्टी पोटेन्शिओमीटरवाल्या अॅनालॉग दांडीसाठी आहे. स्विचची दांडी संगणकाला एन्कोडरमार्फत, म्हणजे स्विच आणि संगणक जोडणाऱ्या सर्किटमार्फत, एकदम पूर्ण उजवी किंवा पूर्ण डावी म्हणूनच कळते, अधलंमधलं काही येतच नाही. पान्हा आणि पेचकस घेऊन पेटी उलटी करायची, दुसरा उपाय नाही.

आधी कान लावायचा. दांडी अगदी सावकाश एका दिशेला झुकवली की 'टक' कधी वाजतं ते ऐकायचं, मग उरलेल्या तीन दिशांना तसंच. चारही टक सारख्याच अंतरावर, पण लवकर वाजत असतील तर कॉलर जाड आहे; अंतर ठीक असूनही जरा जोर लावताच वाजत असतील तर स्प्रिंग मऊ. वेगवेगळ्या जाडीच्या कॉलर आणि कमी-जास्त ताठ स्प्रिंगा सुट्या मिळतात. एकच टक लवकर वाजत असेल तर दोष त्या बाजूच्या स्विचचा. स्वस्तातल्या दांड्यांत स्विचवर पत्र्याची बारीक जीभ असते. ती वाकून कॉलरला जवळजवळ टेकलेली सापडते. चिमट्याने केसभर मागे घेतली की काम होतं. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो, तिथे कुरिअरची वाट पाहण्यापेक्षा हा चिमटा बरा.

न शिवता धावणाऱ्या दांडीचं दुखणं निराळं. मायक्रोस्विचला तीन पाय असतात. एक सामाईक, एक एरवी उघडा, एक एरवी जोडलेला. तार तिसऱ्या पायाला गेली तर दांडी मधे असताना दिशा चालू आणि दाबली की बंद. मल्टिमीटर बझरवर ठेवून टोकं लावली की अर्ध्या मिनिटात कळतं. पॅकमॅनचं अडकणं आणखी वेगळं. 1980चा तो खेळ चार दिशांच्या दांडीसाठी घडवलेला आहे. आठ दिशांची दांडी कोपऱ्यात गेली की दोन स्विच एकदम दाबले जातात आणि बिचाऱ्या पॅकमॅनला कळत नाही कुणाचं ऐकावं. काही जपानी दांड्यांच्या तळाशी दांड्याची हालचाल अडवणारं चौकोनी गेट असतं. ते 45 अंशांनी फिरवून बसवलं की तिरक्या वाटाच बंद होतात.

एक कारण मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे लाकडाची जाडी. यातल्या कित्येक दांड्या पातळ लोखंडी पत्र्यासाठी बनवलेल्या. घरी आपण त्या जाड प्लायवूडखाली ठोकतो आणि दांड्याची उंची लाकडातच जिरते. धरा, पिव्होटपासून मुठीपर्यंत 60 मिलिमीटर उंची असताना स्विच दाबायला मूठ 6 मिलिमीटर सरकवावी लागत होती. उंची 45 झाली की साडेचारच मिलिमीटर पुरतात. दांडी तीच, स्विच तोच, पण हाताला ती उतावळी वाटते. यावर खालून लाकूड कोरून दांडी वर उचलायची किंवा लांब दांडा घालायचा.

लाकूड कोणतं, हाही प्रश्न आहेच. एमडीएफ दिसायला गुळगुळीत, पण गडचिरोलीच्या पावसाळ्यात फुगतं, स्क्रू ढिले होतात, दांडीची बैठक एका अंगाला कलते आणि नेमका त्याच अंगाचा स्विच आधी दाबला जातो. आपल्याकडचं सागवान हवेतल्या ओलीने फारसं हलत नाही. 2023 साली अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं. सुतारापाशी पडलेल्या त्याच जातीच्या तुकड्यात आपलं पॅनल होतं. पैसे जास्त पडतात, पण तिथे काटकसर करू नये. शिवाय कोळशाची धूळ. ती पिव्होटच्या ग्रीसमध्ये बसून चिखल होतो, दांडी पूर्ण मधे परतत नाही, स्विचच्या तोंडाशीच थांबते आणि फुंकर मारली तरी वाजेल अशी होते. नवी स्प्रिंग मागवण्याआधी हे पुसून पाहावं. ग्रीस नवं भरायचं, तेही थोडंच.

स्प्रिंग किती ताठ हवी ते शेवटी खेळणाऱ्याने ठरवायचं. मारामारीचे खेळ खेळणारा पोट्टा बोटांनी दांडी नाचवतो, त्याला मऊच लागते. मुस्तफावाला अख्ख्या मुठीने ओढतो, त्याला ताठ. दोन दांड्यांच्या पॅनलवर डावीला एक स्प्रिंग आणि उजवीला दुसरी घालायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. फक्त कोण कुठे बसणार, हे भांडण घरातच मिटवावं लागतं.