सेनिओवरचा पूल शोधताना

निमजचे (ता. संगमनेर) शिपाई नामदेव जाधव. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीतल्या सेनिओ नदीतून, सुरुंगांमधून त्यांनी जखमी साथीदार वाचवले; व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

अशा नदीतून पायदळ पोहून, चिखल तुडवून जाईल. रणगाड्यांना मात्र पूलच लागतो. तो बांधायचे सॅपर, म्हणजे फौजेतले बांधकाम करणारे जवान, तेही तोफांच्या माऱ्यात. सुट्या चौकटी जोडून उभारायच्या बेली पुलाची एक चौकट 10 फूट लांब, सुमारे 260 किलोची. उचलायला सहा जण.

काम संपलं की असे पूल सुटे करून दुसरीकडे नेत. मग आज त्या पुलाची जागा सापडणार कशी? तुकडीच्या युद्धरोजनिशीतले नकाशाचे आकडे त्या काळच्याच लष्करी नकाशावर मांडायचे (आजच्या नकाशावर मांडले, की फसगत ठरलेली), हवाई छायाचित्रांशी ताडायचे आणि नदीचा बांध पायी धुंडाळायचा.

घरात आजोबांचे फौजेतले कागद असतील, तर तुकडीचं नाव आधी टिपून ठेवा. रोजनिशी त्याच नावाने शोधावी लागते.