ओलावा टिकवणारे संवेदक

रुग्णालयात हृदयाचा आलेख, म्हणजेच ईसीजी, काढताना छातीवर गार, बुळबुळीत जेल लावतात, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. हे जेल म्हणजे दोन वेगळ्या जगांमधील दुवाच होय. शरीरात वीज वाहते ती सोडियम, पोटॅशियम यांच्या आयनांमार्फत. तारेत वाहते ती इलेक्ट्रॉनमार्फत. ओलावा नसेल तर हा व्यवहार नीट होत नाही आणि हृदयात नसलेले कंप आलेखावर उमटतात.

दिवसरात्र अंगावर वागवायच्या संवेदकांसाठी याच जेलची पुढची पिढी प्रयोगशाळांत घडत आहे. तिचे नाव विद्युतवाहक हायड्रोजेल. हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारे पॉलिमरचे जाळे. १९६० साली झेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले व द्राहोस्लाव्ह लिम यांनी असे जेल शरीरात वापरण्याची कल्पना मांडली. पुढे १९६१ च्या नाताळात विख्तर्ले यांनी मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून यंत्र केले व त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बनवल्या.

या जाळ्यात मीठ विरघळवले की आयन वाहू लागतात. वीजवाहक पॉलिमर मिसळले की इलेक्ट्रॉनांनाही वाट मिळते. अशा पॉलिमरच्या शोधासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे जेल त्वचेसारखेच मऊ असते. ते ताणले की त्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून बोटाची हालचाल वा नाडीची धडधड मोजता येते. २०१२ साली हार्वर्डच्या संशोधकांनी मूळ लांबीच्या वीसपट ताणले जाणारे हायड्रोजेल सादर केले.

मात्र खरी अडचण पाण्याचीच आहे. जेल उघड्यावर सुकते, कडक होते आणि त्याचा विद्युतरोध बदलतो. मग त्वचा ताणली गेली की जेल वाळले, हे यंत्राला कसे कळावे? दुखण्याच्या निदानात ही शंका परवडणारी नाही. यावर ग्लिसरीन किंवा ओलावा धरणारे क्षार मिसळणे, वरून पातळ रबरी आवरण देणे, असे उपाय आहेत. पण आवरणाखाली घाम साचतो, म्हणजे प्रत्येक उपायाची किंमत मोजावी लागतेच.

ईसीजीच्या चिकटपट्ट्या बंद पाकिटात येतात आणि त्यांवर अंतिम मुदत छापलेली असते, ती यासाठीच. पाकीट वापराच्या वेळीच फोडावे. यंत्राचा आकडा विचित्र वाटला तर घाबरू नये, तसेच त्याकडे दुर्लक्षही करू नये, डॉक्टरांना दाखवावे.

बँकेत आम्ही तरलतेला जपतो, कारण ती आटली की व्यवहार अडतात. या संवेदकांचेही तसेच आहे.